फ्रायबुर्गमधला एक महिना: वर्गाबाहेरचे दिवस

तुम्ही विचारलंय की ऑगस्टमध्ये चार आठवड्यांच्या जर्मन कोर्ससाठी जर्मनीतल्या फ्रायबुर्गला निघालाय, तर वर्ग सुटल्यावरचा वेळ कसा जातो, सोबत काय न्यावं, आणि चार शनिवार-रविवारांत पॅरिस, झुरिक, म्युनिक होईल का. मी 2023 च्या ऑगस्टमध्ये असाच एक महिना तिथे काढला, म्हणून लिहितेय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. होईल, पण कृपा करून करू नका. माझ्या वर्गातल्या दोघींनी केलं. रविवारी रात्री उशिरा परत यायच्या, सोमवारी वर्गात पेंगायच्या, आणि ते दोन्ही दिवस सगळीकडे इंग्रजीवरच निभावलेलं असायचं. आपण भाषेसाठी एवढा खर्च करून जातो, आणि ती बोलायला यायला तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटावी लागतात. एका गावात मुरलात तरच ते होतं.

मला ते बाजारात उमगलं. म्युन्स्टर म्हणजे तिथलं मोठं चर्च. त्याच्याभोवतीच्या चौकात रविवार सोडून रोज सकाळी भाजी-फळांचा बाजार भरतो आणि दीड-दोनच्या सुमाराला उठतो. त्यामुळे वर्ग सुटला की थेट तिकडे पळायचं. पहिल्या दिवशी मी नुसतं बोट दाखवून अर्धा किलो प्लम मागितले. ऑगस्टमध्ये ते लांबट, निळसर प्लम येतात, त्यांना तिथे 'त्स्वेचगे' म्हणतात. बाईंनी वजन केलं, काटा थोडा पुढे गेला, आणि त्यांनी विचारलं, "दार्फ्स आइन बिसखेन मेअर झाइन?" पुण्यात दोन वर्षं जर्मन शिकून, बी-वन ही मधल्या पातळीची परीक्षा पास होऊन मी गप्प उभी! मग लक्षात आलं की हे तर आपल्याकडचं 'थोडं जास्त झालंय, चालेल का?' तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारायच्या आत मीच "चालेल" म्हणाले आणि त्या मनापासून हसल्या. पुढे रोज दोन-चार वाक्यं व्हायची, कधी पावसावर, कधी भारतात प्लम मिळतात का यावर. दुकानातल्या गल्ल्यावर 'बोन हवा का?' असं भरभर विचारतात, म्हणजे पावती हवी का. हेही वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

त्याच म्युन्स्टरच्या मनोऱ्याखाली, मुख्य दाराच्या कमानीपाशी भिंत नीट बघा. दगडात पावाचे आकार कोरलेत, सोबत 1270, 1317, 1320 अशी वर्षं. धान्य महागलं की पाव लहान व्हायचा. पण किती लहान चालेल ते भिंतीवर ठरलेलं. घेतलेला पाव तिथे लावून बघायचा. मी हात लावून बघितला, दगड थंडगार होता. सातशे वर्षांपूर्वीची गिऱ्हाइकाची काळजी अजून बाजारालगत उभी आहे, हे मला त्या मनोऱ्याच्या 116 मीटर उंचीपेक्षा मोठं वाटलं.

रोजच्या जगण्यातली खरी अडचण रविवारची. दुकानं बंद म्हणजे बंद. माझा पहिला रविवार घरून आणलेल्या खाकऱ्यावर गेला. शनिवारी संध्याकाळी दूध, पाव, भाजी भरून ठेवा. अगदीच अडलं तर स्टेशनातली दुकानं उघडी असतात. नळाचं पाणी बिनदिक्कत प्या. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेतलीत तर 25 सेंट अनामत धरलेली असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की त्याची चिठ्ठी मिळते आणि बिलातून तेवढे वजा होतात.

कपडे दोन्ही ऋतूंचे न्या. आमचा पहिला आठवडा पावसात आणि स्वेटरमध्ये गेला, आणि विसाव्या तारखेच्या सुमाराला पारा 35 वर. मी अकोल्याची, 45 अंश सोसलेली, पण तिथे खोलीत पंखाच नव्हता. घरमालकीण आजींनी दाखवलं: सकाळी आठलाच खिडक्या मिटायच्या, बाहेरचे रोलिंग पडदे पार खाली ओढायचे, आणि रात्री सगळं सताड उघडायचं. खोली खरंच थंड राहते. आमच्याकडे वाळ्याचे पडदे लावायचे त्याची आठवण झाली. त्या दिवसांत संध्याकाळी आम्ही द्राइझाम नदीच्या काठी पाण्यात पाय सोडून बसायचो.

खाण्याचं म्हणाल तर मेतकूट, भाजणी, गोडा मसाला न्या. तूप, पेढे, चक्का असलं दुधाचं काही नेऊ नका, युरोपीय संघात बाहेरून न्यायला बंदी आहे. कढीपत्ता आणि आंबेही सामानात नकोत. नारळ मात्र चालतो!

भटकंती जवळचीच करा. शाउइन्सलांड हा 1284 मीटरचा डोंगर गावाला लागूनच आहे: दोन नंबरच्या ट्रामने ग्युन्टर्सटाल, तिथून 21 नंबरची बस, मग 1930 सालापासून चालणारी केबल कार. वर वाऱ्याने एकाच बाजूला कललेली बीचची झाडं आहेत. मी दोनदा गेले, दुसऱ्यांदा उतरताना पायी आले. टिटिझे तलावाला गर्दी फार, पण तिथवरचा दरीतून चढणारा रेल्वेमार्ग चुकवू नका. बाझेलला लोक कपडे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत भरून, ती पिशवी धरून ऱ्हाइन नदीतून वाहत जातात. ऑफिस सुटल्यावर घरी निघालेली माणसं अशी पाण्यातून जाताना मी तासभर बघत बसले. बाझेल स्वित्झर्लंडमध्ये येतं, पण शेंगेन व्हिसा तिथे चालतो. ब्रायझाखहून बसने फ्रान्समधलं कोल्मारही एका दिवसात होतं.

या सगळ्यासाठी 'डॉइचलांड-टिकेट' काढा. लोकल गाड्या, ट्राम, बस महिनाभर देशात कुठेही. माझ्या वेळी 49 युरो होतं, 2026 पासून 63 आहे. बाझेलमधल्या जर्मन रेल्वेच्या स्टेशनापर्यंत चालतं. कोल्मारच्या बसला, केबल कारला आणि लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना चालत नाही. हे दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं, म्हणून 10 ऑगस्टच्या आत रद्द केल्याचं कळवा, नाहीतर घरी परतल्यावर सप्टेंबरचेही पैसे खात्यातून जातील.