जुनी डिझेल जीप थंडीत सकाळी सुरू होत नाही, मिस्त्री इंजिन खोलायला सांगतो. बॅटरी बदलून भागेल का?

दुपारी एका सेल्फात लागणारी गाडी सकाळी सहाला लागत नाही आणि मिस्त्री थेट इंजिन खोलायला सांगतो, तर त्याला आधी विचारा : हीटर, म्हणजे इंजिनात ऊब देणारे प्लग, तपासले का? बहुतेकांनी तपासलेले नसतात. तुरी निघायच्या आधीच कास्तकाराचा पैसा रिंग-पिस्टनमध्ये जातो, याची मला फार चीड आहे.

तुमची जीप प्युजो इंजिनची आहे असं धरून लिहितो. त्यात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही, हेडमधल्या छोट्या कोठीत पडतं. रात्रभर गार झालेल्या कोठीच्या भिंती दाबलेल्या हवेची ऊब ओढून घेतात आणि डिझेल पेटत नाही. म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक असे चार हीटर प्लग दिलेले असतात. दुपारी इंजिन तापलेलंच असतं, तेव्हा मेलेल्या हीटरचा पत्ताही लागत नाही.

सकाळी सेल्फ मारताना एकाला सायलेन्सरमागे उभं करा. भरपूर पांढरा धूर आला तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही : हीटर बघा. धूरच नाही तर डिझेल पोचत नाही. मग आधी स्टॉपची दांडी पूर्ण आत गेली का बघा, अर्धी अडकलेली केबल पंप बंदच ठेवते. नंतर डिझेल ओढायचा इंजिनावरचा हातपंप मारा. हातपंप मारल्यावर गाडी लागत असेल तर रात्रीतून कुठूनतरी हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे परत उतरतं. फिल्टरच्या बोल्टखालचे तांब्याचे वायसर आणि टाकीकडून येणारा रबरी पाइप तपासा. वायसर जुनेच उलटे करून बसवू नका.

हीटर तपासायला इंजिन थंड असताना चारही प्लगांवरची पट्टी काढा. इंडिकेटरच्या २१ वॅटच्या बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी प्लगच्या टोकाला लावा. बल्ब लख्ख पेटला तर प्लग शाबूत, नाही पेटला तर मेला. मीटर असेल तर चांगला प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो. चारातले दोन मेले की आपल्याकडच्या ७-८ अंशांत गाडी रडायला लागते. प्लग चांगले निघाले तर पट्टी परत बसवून हीटर चालू करा आणि पट्टीवर व्होल्ट मोजा. ११ च्या बरेच खाली असतील तर रिले किंवा वायर जळालेली आहे. चार प्लग मिळून ४० अँपिअरच्या आसपास ओढतात, बारीक वायर तिथे टिकत नाही. प्लग काढायचा तर इंजिन कोमट असताना, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून काढा. तुटला तर हेड उतरवावं लागतं.

आता पेटत्या बोळ्याचं. एअर फिल्टर काढून तोंडाशी पेटता बोळा धरायचा, याला आपल्याकडे अजून हुशारी समजतात आणि जुन्या ड्रायव्हरांशी माझं यावरून कायम वाजतं. ते म्हणतात, गाडी लागते ना! लागते. पण बोळ्याने लागत आलेल्या एका जीपचं मॅनिफोल्ड (हवा इंजिनात नेणारा पाइप) उतरवलं तेव्हा आत सुताची राख आणि अर्धवट जळालेला धागा व्हॉल्व्हच्या बैठकीवर चिकटलेला होता. त्या व्हॉल्व्हची धार जळून कॉम्प्रेशन गेलं होतं. म्हणजे जे काम मिस्त्री उगाच सांगतो, ते बोळा खरं करून दाखवतो. स्टार्टिंग स्प्रे हीटरच्या गाडीत तर मारूच नका, तापलेल्या प्लगवर तो वेळेआधी भडकतो आणि रिंगा फोडतो.

सकाळी क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट तेल सेल्फवर येत नाही. २५ सेकंद हीटर, ॲक्सिलरेटर खाली, सेल्फ जास्तीत जास्त १० सेकंद. मग एक मिनिट थांबून पुन्हा हीटर. ऑइल १५डब्ल्यू-४० टाका, २०डब्ल्यू-५० थंडीत इंजिन जड करतं.

डिझेल गोठलं असेल ही शंका सोडा. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश होते, त्याहून खाली इथे क्वचितच जातं. हां, उन्हाळ्यात ड्रममध्ये भरून ठेवलेलं डिझेल थंडीत दाट होऊ शकतं, ते वापरू नका.

बॅटरीबद्दल : उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट आणि सेल्फ मारताना ९.६ च्या वर राहत असेल तर ती बदलू नका. सेल्फ तरीही रेंगाळत असेल तर सेल्फ चालू असताना बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत मीटर लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी घासून बसवा.

आणि हे राहिलंच : हीटर, डिझेल, बॅटरी सगळं ठीक, तरी लागल्यावर पाच-सात मिनिटं पांढरा धूर आणि ऑइल टाकायच्या झाकणातून फुसफुस वाफ येत असेल, तर मिस्त्री खरं बोलतोय. थेट पिस्टनवर डिझेल फवारणाऱ्या जुन्या जीपच्या डीआय इंजिनला मात्र हे चार प्लग बहुधा नसतात, त्यामुळे तुमची जीप तशी निघाली तर हीटरचं सगळं सोडून धूर, हवा आणि बॅटरी एवढंच तपासा.