कमी पैशांत काय सोडायचं, काय धरून ठेवायचं

या वेळच्या पत्रांत निम्मी पत्रं एकाच विषयाची निघाली. पार्ट स्वतः निवडून डेस्कटॉप असेंबल करायचा आहे, पैसे एवढे आहेत, काय घेऊ? त्यांतली पाच निवडली आहेत. मॉडेलची नावं उदाहरणादाखल आहेत. भाव दर महिन्याला हलतात, म्हणून किमती न सांगता पैशांची वाटणी सांगते.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रोग्रामिंग, थोडं थ्री-डी ड्रॉइंग आणि सुट्टीत गेम एवढंच काम. बजेट अगदी कमी आहे. मिळालेल्या कोटेशनमध्ये प्रोसेसर, छोटं ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक आहे आणि एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आहे. घेऊ का?

नको घेऊस. या कोटेशनमधली सगळ्यात वाईट ओळ त्या फुकट एसएमपीएसची, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याची आहे.

मी बरीच वर्षं दुरुस्तीचं काम केलं आहे आणि असे एसएमपीएस उघडून पाहिले आहेत. हातात घेतल्यावरच वजनाला हलके लागतात. बाहेर मोठ्या अक्षरात ‘४५० वॉट’ लिहिलेलं असतं. तू त्याखालचा बारीक तक्ता वाच. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात समज १८ अँपिअर लिहिलं असेल, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात, त्यामुळे तुझ्या कामाचा आकडा २१६ आहे, ४५० नव्हे. चांगल्या एसएमपीएसमध्ये हे दोन आकडे जवळजवळ सारखे असतात. ‘८० प्लस’चं चिन्ह फक्त वीज किती वाया जाते ते सांगतं. निम्म्या भाराला ब्राँझ ८५ टक्के आणि गोल्ड ९० टक्के कार्यक्षम असायला हवा. शॉर्टसर्किट झाल्यावर तो वेळेवर बंद होईल का, हे त्या चिन्हावरून कळत नाही. त्यासाठी वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघ. पाच वर्षांच्या खाली जाऊ नकोस.

मग पैसे कुठून काढायचे? ग्राफिक्स कार्ड आत्ता घेऊच नकोस. एएमडीच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘जी’ असतो, उदाहरणार्थ रायझेन ५ ५६००जी, त्यात बऱ्यापैकी ग्राफिक्स आतच असतं. तुझं ड्रॉइंग त्यावर होईल, हलके गेमही चालतील. मात्र हे आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, रॅममधलीच वापरतं. म्हणून ८ जीबीच्या दोन स्टिक घे, म्हणजे प्रोसेसरला रॅमकडे जायला एकाऐवजी दोन वाटा मिळतील. १६ जीबीची एकच स्टिक घेतलीस तर क्षमता तेवढीच, पण गेममध्ये फरक डोळ्यांना दिसेल. चार खाचा असलेल्या बोर्डवर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लाव. नंतर बायॉसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सोय) चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच रेंगाळते. अशी कित्येक मशीन मी वर्षा-दोन वर्षांनी उघडली आहेत. मालकाने वेगाचे पैसे मोजले होते आणि तो वेग कधी वापरलाच नव्हता.

बोर्ड निवडताना सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती बैठक, बघ. माझ्या टेबलावरच्या मशीनचा एएम-४ सॉकेटचा बोर्ड २०१७ चा आहे. त्यावर आधी रायझेन ५ १६००, मग ३६०० आणि आता ५७००एक्स बसला आहे. प्रत्येक वेळी बायॉस अपडेट केला, बाकी कशालाही हात लावला नाही. एएम-४ ची वाट आता संपत आली आहे, पण तुझ्या पैशांत आज तीच परवडेल. थोडी ओढाताण शक्य असेल तर एएम-५ घे. त्यावर फक्त डीडीआर-५ रॅम चालते, पण निदान २०२७ पर्यंत या सॉकेटला साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे. त्या सॉकेटवर ८६००जी तुझ्या कामाचा आहे.

पुढे पैसे साठले की कार्ड घे. तेव्हा एक लक्षात ठेव. ५६००जी पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधल्या रस्त्याची, तिसरी पिढीच देतो. आरएक्स ६५०० एक्सटीसारखी कार्डं फक्त चार लेनवर चालतात, ती अशा मशीनमध्ये गुदमरतात. आरएक्स ६६०० आठ लेनवर चालतं, ते घेतलंस तर चालेल.

प्रश्न : मी व्हिडिओ एडिटिंगची कामं घेतो. मिररलेस कॅमेऱ्याचं फोर-के फुटेज टाइमलाइनवर अडखळतं. मध्यम बजेटमध्ये नवं मशीन करतो आहे. निम्मे पैसे ग्राफिक्स कार्डात घाला असं मित्र म्हणतात. बरोबर आहे का?

पैशांची वाटणी करण्याआधी तुमच्या फुटेजची कुंडली काढा. फाइलच्या माहितीत ‘एच.२६५, १०-बिट, ४:२:२’ असं दिसलं, तर दुखणं तिथे आहे. हे फुटेज फार दाबून साठवलेलं असतं, प्रत्येक फ्रेम दाखवण्यापूर्वी उलगडावी लागते. एनव्हिडियाची ४० मालिकेपर्यंतची कार्डं हा प्रकार हार्डवेअरमध्ये उलगडू शकत नाहीत, ५० मालिकेपासून ती सोय आली. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या आतल्या ग्राफिक्समध्ये मात्र ‘क्विक सिंक’ नावाने ती काही पिढ्यांपासून आहे. नावाशेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स बंद असतं, म्हणून तो स्वस्त मिळतो. गेम खेळणाऱ्याने ते पैसे खुशाल वाचवावेत, तुम्ही वाचवू नका.

असंच एक मशीन माझ्याकडे आलं होतं. तेराव्या पिढीचा ‘एफ’वाला आय-७, कार्ड ३० मालिकेचं. मालकाने एकदा कार्ड बदलून त्याच मालिकेतलं आणखी मोठं टाकलं होतं, तरी टाइमलाइन तशीच अडखळत होती. मी त्याच पिढीचा, तेवढ्याच कोअरचा, फक्त ‘एफ’ नसलेला प्रोसेसर बसवला आणि बायॉसमध्ये आतलं ग्राफिक्स चालू केलं. त्याच संध्याकाळी तीन कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र सरळ चाललं. मोठ्या कार्डावर गेलेला त्याचा पैसा आठवला की मला आजही हळहळ वाटते.

कार्ड नकोच असं नाही. रंगसंस्कार आणि नॉइज काढणं कार्डावर होतं, दाव्हिंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर जास्तच. पण निम्मे पैसे नकोत, तिसरा हिस्सा पुरे.

रॅम ३२ जीबी, १६ च्या दोन स्टिक. आठच्या चार लावू नका. डीडीआर-५ मध्ये चार स्टिक लावल्या की बहुतेक बोर्ड वेग खाली आणतात.

ड्राइव्हच्या जाहिरातींनी मात्र बावरू नका. तुमच्या कॅमेऱ्याचं फुटेज सेकंदाला २०० मेगाबिटचं असलं तरी भागिले आठ, म्हणजे २५ मेगाबाइट. तीन कॅमेरे एकत्र धरले तरी ७५. साधा, केबलने जोडायचा साटा एसएसडी ५५० च्या आसपास देतो, पीसीआय चौथ्या पिढीचा एनव्हीएमई (बोर्डवरच्या एम-टू खाचेत बसणारा वेगवान एसएसडी) ७००० पर्यंत जातो. पाचव्या पिढीचा ड्राइव्ह घेऊन तुमची टाइमलाइन तसूभरही पुढे सरकणार नाही. एका एनव्हीएमईवर विंडोज आणि सॉफ्टवेअर ठेवा, दुसऱ्या साध्या एनव्हीएमईवर चालू काम. उरलेल्या पैशांत एकसारख्या क्षमतेच्या दोन हार्डडिस्क घ्या, म्हणजे संपलेल्या कामाच्या दोन प्रती राहतील. यावर कृपया तडजोड करू नका. बोर्डचं मॅन्युअल आधी वाचा. दुसऱ्या एम-टू खाचेत ड्राइव्ह लावला की काही बोर्डवर साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात.

प्रश्न : मॅडम, बजेटची अडचण नाही. गेमसाठी सगळं वरचंच घ्यायचं आहे. यादी द्याल का?

तुमचा मॉनिटर कुठला, हे पत्रात नाही आणि यादी तिथूनच सुरू होते. १९२० बाय १०८० म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके, २५६० बाय १४४० म्हणजे ३७ लाख, फोर-के म्हणजे ८३ लाख. एवढ्या ठिपक्यांना दर सेकंदाला किती वेळा रंग द्यायचा, हेच कार्डाचं काम. ६० हर्ट्‌झच्या (सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणाऱ्या) जुन्या मॉनिटरमागे महागडं कार्ड लावलं, तर त्याची मेहनत तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचत नाही. १४४० चा, १४४ हर्ट्‌झ किंवा त्याहून वरचा मॉनिटर आधी पक्का करा.

प्रोसेसरचे कोअर मोजत बसू नका. रायझेन ७ ७८००एक्स-३डी आठच कोअरचा आहे, पण त्याच्या पोटात ९६ एमबी एल-३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी, आहे. गेमला त्याचा फायदा चोवीस कोअरपेक्षा अधिक होतो. ९८००एक्स-३डी त्याचा पुढचा भाऊ. दोन्ही १२० वॉटचे, चांगला एअर कूलर त्यांना पुरतो. सोबत डीडीआर-५ ६००० ची रॅम, ३२ जीबी.

कार्ड घेताना मेमरी वाचा. आरटीएक्स ५०६० टीआय एकाच नावाने ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत विकलं जातं. १४४० साठी १६ जीबीचंच. ५०८० घेणार असाल तर एकटं कार्ड ३६० वॉट मागतं, ८५० वॉटचा एसएमपीएस घ्या. त्याचा सोळा पिनांचा कनेक्टर फट दिसणार नाही इतका आत दाबा आणि केबल कनेक्टरलगत वाकवू नका. पिना अर्धवट टेकल्या तर तिथेच उष्णता साचून प्लॅस्टिक वितळतं. कॅबिनेट पुढून जाळीचं असू द्या, बंद काचेचं नको. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का, तेही आधी मोजा.

प्रश्न : आठ-नऊ वर्षांचा डेस्कटॉप आहे. हिशेब, पत्रव्यवहार, इंटरनेट एवढंच काम, पण चालू व्हायलाच पाच मिनिटं लागतात. पैसे फारच थोडे. जुन्यातले कुठले पार्ट नव्यात चालतील?

नवं आत्ता करूच नका. आत हार्डडिस्क असेल तर तिच्या जागी साटा एसएसडी बसवा आणि रॅम ८ जीबीच्या खाली असेल तर वाढवा. तुमच्या कामाला एवढं पुरेल. विंडोज १० ची मोफत साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा रायझेन २००० मालिका आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. टीपीएम पुष्कळदा असतं, पण बायॉसमध्ये बंद असतं. प्रोसेसर त्याहून जुना निघाला तर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून बघा.

कधीकाळी नवं केलंत तर कॅबिनेट आणि ड्राइव्ह जुने चालतील. पण एसएमपीएस बदलाल तेव्हा त्याच्या जुन्या सुट्या केबल वापरू नका. हे मी भोगलं आहे. स्वतःच्याच मशीनचा मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघणारा, एसएमपीएस बदलताना आतल्या केबल नीट बांधलेल्या होत्या, म्हणून त्या तशाच ठेवल्या आणि नव्याला जोडल्या. प्लग अचूक बसले. बटण दाबलं आणि जळका वास आला. एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनेवर किती व्होल्ट, याचं प्रमाण ठरलेलं नाही. प्रत्येक कंपनीचं वेगळं, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचंही वेगळं. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले आणि दोन ड्राइव्ह संपले. त्यातल्या एकावर माझ्या वडिलांच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं होती. दुसरी प्रत नव्हती.

प्रश्न : काल रात्री सगळं जोडलं. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळी. बोर्ड गेला का?

बहुधा नाही. एचडीएमआय केबल बोर्डच्या पोर्टला लावली असेल तर काढून ग्राफिक्स कार्डाला लावा. बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला आठ पिनांचा प्रोसेसरचा कनेक्टर राहिला नाही ना, ते बघा. रॅमच्या दोन्ही स्टिक काढून ‘टक’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा दाबा. बोर्ड जुन्या साठ्यातला आणि प्रोसेसर नवा असेल तर बायॉस त्याला ओळखत नसेल. मागच्या बाजूला बायॉस फ्लॅशबॅकचं बटण आहे का ते शोधा, त्याने पेन ड्राइव्हवरून अपडेट करता येतं.

आणि तुमची रॅम डीडीआर-५ असेल तर घाई करू नका. पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो. त्याला कित्येक मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ स्क्रीनवर काहीच येत नाही. मधेच बंद केलंत तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. बटण दाबा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं त्याला हात लावू नका.