मधाचे बोट

प्रिय मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे लांबलचक पत्र काल मिळाले. बारशाच्या गडबडीत तुझ्या आजींनी सोन्याची अंगठी मधात बुडवून बाळाच्या जिभेला लावली, तू ते पाहून हसलीस, आणि त्याच रात्री वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असे वाचल्यापासून सहा रात्री पाळण्याजवळ बसून काढल्यास, हे वाचून मला आधी तुझ्या झोपेची काळजी वाटली. बाळाकडे लक्ष ठेवायला जागरणाची गरज नसते. कशाकडे लक्ष द्यायचे हे मात्र नीट ठाऊक हवे, म्हणून सविस्तर लिहिते.

मध स्वतः विष नाही. काही मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचातली झोपलेली रूपे, असतात. मधात पाणी कमी आणि आम्लता अधिक असल्यामुळे ते तिथे वाढत नाहीत, नुसते निपचित पडून राहतात. तुझ्यामाझ्या पोटात गेले तर आपल्या आतड्यांत आधीपासून वस्तीला असलेले जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ही वस्ती अजून पुरती बसलेली नसते, त्यामुळे क्वचित एखाद्या बाळाच्या पोटात बीजाणू रुजतात, तिथेच विष तयार करतात आणि ते विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा संदेश अडवते. मध गरम केला म्हणून हे बीजाणू मरत नाहीत. तू मध ‘ओळखीच्यांकडचा, अगदी शुद्ध’ होता असे दोनदा लिहिले आहेस, पण शुद्धतेचा इथे संबंधच नाही. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, तिथला पोळ्यातून थेट काढलेला मध असता तरी मी हेच लिहिले असते.

आता तू पत्रात कुठेही न लिहिलेली गोष्ट. मध चाटवलेल्या बहुसंख्य बाळांना काहीही होत नाही. हा आजार, म्हणजे तान्ह्या बाळांचा बोट्युलिझम, मुळातच दुर्मीळ आहे, आणि ज्या थोड्या बाळांना तो होतो त्यांतही बहुतेक वेळा मधाचा संबंध सापडत नाही, कारण हेच बीजाणू मातीत आणि धुळीतही असतात. ‘जरासाच लागला होता’ या विचारावर मात्र विसंबू नकोस, कारण अमुक थेंबांपर्यंत चालते असे प्रमाण कोणी सांगू शकत नाही. शक्यता फार कमी आहे, शून्य नाही, आणि म्हणून काही दिवस लक्ष ठेवायचे, इतकेच.

लक्षणे दिसायचीच असतील तर साधारण तीन ते तीस दिवसांत दिसतात. भिंतीवरच्या कालनिर्णयात बारशाच्या तारखेला खूण कर आणि तिथून तिसाव्या दिवसाला दुसरी. पुष्कळदा पहिली खूण बद्धकोष्ठाची असते, म्हणजे बाळाची शी करण्याची जी रोजची सवय आहे ती अचानक मोडते. केवळ तेवढ्यावरून घाबरू नकोस, पण डॉक्टरांना कळव. खरे लक्ष दूध पिण्याकडे दे. काल जोराने ओढणारे बाळ आज चार घोट घेऊन थकते का, दूध ओठांच्या कडेने ओघळते का, पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या दिसतात का, चेहरा निर्विकार होतो का, रडण्याचा आवाज मांजराच्या पिलासारखा बारीक झाला का, उचलल्यावर मान नेहमीपेक्षा अधिक लुळी पडते का? यांतले काही दिसले, किंवा श्वास जड वाटला, तर सकाळची वाट न पाहता लहान मुलांचा अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठ. ताप नाही म्हणून थांबू नकोस. या आजारात तो बहुधा नसतोच. वेळेवर पोहोचलेली बहुतेक बाळे पूर्ण बरी होतात, वेळ मात्र लागतो.

घशात बोट घालून उलटी काढणे, पोट साफ व्हावे म्हणून एरंडेल पाजणे, पाणी पाजणे, यांतले काहीही करू नकोस आणि कोणाला करू देऊ नकोस. ठणठणीत बाळाला केवळ मध चाटवला म्हणून औषध किंवा तपासणी लागत नाही. स्तनपान चालू ठेव. तू स्वतः मध खाल्लास तरी हे बीजाणू दुधातून उतरत नाहीत, तेव्हा मधाची भरलेली बाटली तू फेकून दिलीस ते वाया गेले. तुझ्या खोकल्याला ती उपयोगी पडली असती.

डॉक्टरांना उद्याच सांग. दाराशी आजी उभी आहे म्हणून ही गोष्ट दोन दोन दिवस न बोललेल्या आया मी नर्स म्हणून रुग्णालयाच्या विभागात पाहिल्या आहेत. हा आजार लवकर कोणाच्या मनात येत नाही आणि काही प्रतिजैविकांनी स्नायूंची दुर्बलता वाढू शकते, म्हणून ‘अमुक तारखेला मध चाटवला’ हे एक वाक्य डॉक्टरांच्या फार कामी येते. नवऱ्यालाही सांग, रात्रीचे लक्ष दोघांनी वाटून घ्या.

आजींशी तू सहा दिवस बोललेली नाहीस, हे मला पटले नाही. जातकर्मात, म्हणजे जन्मानंतरच्या संस्कारात, सोन्याने मध-तूप चाटवण्याची रीत किती जुनी आहे! तान्ह्या बाळांतला हा आजार प्रथम ओळखला गेला तो १९७६ साली, कॅलिफोर्नियात. त्यांनी तुझ्या आईला मध चाटवला तेव्हा जगात कोणालाच हे ठाऊक नव्हते. आणि मी? १९८४ साली, नर्सचा गणवेश घालत असताना, मी माझ्या मुलाला जायफळ मधात उगाळून दिले होते. त्यांच्यापाशी बसून सांग की पहिला वाढदिवस होईपर्यंत मध नको, गुटीतही नको आणि मधात कालवलेले कोणतेही चाटण नको. नंतर अंगठीने चाटवायचा मान त्यांचाच.

रविवारी संध्याकाळी फोन कर. तेव्हा बाळ रडत असले तर त्याला उगी करायला धावू नकोस, फोन त्याच्याजवळ धर. मला त्याचा आवाज ऐकायचा आहे.

तुझी,
मावशी