करंटच्या पट्ट्यांनी धाप कमी होते का?

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. अनेक वर्षे विडी ओढल्यामुळे त्यांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) झाला असून आता आंघोळ करून खाटेपर्यंत येतानाही धाप लागते. मानेजवळच्या ॲक्युपंक्चरच्या बिंदूंवर, सुई न टोचता, पट्ट्या चिकटवून करंट दिला की दम कमी होतो, असे एका नातेवाइकांनी सांगितले. पंपाची (इनहेलरची) सवय लागते, म्हणून तो बंद करून हे यंत्र घ्यावे, असे वडिलांचे म्हणणे आहे. काय करावे? — एक वाचक, जि. सातारा

उत्तर : तुमच्या नातेवाइकांनी सांगितलेले अगदीच निराधार नाही. कंबरदुखीसाठी फिजिओथेरपिस्ट जे टेन्स यंत्र लावतात, आणि ज्याला रुग्ण ‘करंटचा शेक’ म्हणतात, तेच यंत्र येथे वापरले जाते. मान पुढे झुकवल्यावर तिच्या तळाशी जे हाड सर्वांत ठळकपणे हाताला लागते, त्याच्या खालच्या कडेला दोन्ही बाजूंस, साधारण अर्ध्या अंगठ्याच्या रुंदीवर, चिनी वैद्यकातील ‘दिंगच्वान’ हे बिंदू येतात. हाँगकाँगमधील संशोधकांनी २००८ साली ४६ सीओपीडी रुग्णांवर प्रयोग केला. काहींना तेथे ४५ मिनिटे करंट दिला आणि काहींना पट्ट्या लावूनही करंट दिला नाही. एकाच सत्रानंतर करंट घेतलेल्यांची धाप कमी झाली आणि श्वास जोराने सोडण्याची क्षमता किंचित वाढली. शरीरातच तयार होणारी, त्रासाची जाणीव कमी करणारी एंडॉर्फिनसारखी द्रव्ये त्यामुळे वाढत असावीत, असा एक तर्क आहे. परंतु एका सत्राचा परिणाम म्हणजे महिनोन्‌महिने टिकणारा आराम नव्हे, आणि खराब झालेले फुप्फुस यामुळे पूर्ववत होत नाही.

म्हणून पंप बंद करू नये, असे मी ठामपणे सांगेन. नियमित पंप घेणे म्हणजे व्यसन नव्हे. आकसलेल्या श्वासनलिका मोकळ्या ठेवण्याचे ते औषध आहे. खरे तर वडील पंप कसा घेतात, हे आधी पाहा. पुष्कळ जण पंप दाबतात आणि श्वास नंतर ओढतात, त्यामुळे औषधाचा फवारा जिभेवरच बसतो आणि ‘पंपाने काही होत नाही’ असा समज पक्का होतो. पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, मग सावकाश आत ओढायला लागताच दाबावा आणि दहा सेकंद श्वास रोखावा. हे जमत नसेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) वापरावा. विडी अजून चालू असेल तर तीही थांबायला हवी (घरच्यांपासून लपवून ओढणारे काही कमी नसतात).

यानंतरही यंत्राची इच्छा राहिली, तर विकत घेण्याआधी फिजिओथेरपिस्टकडे काही सत्रे घेऊन पाहावीत. पेसमेकर असल्यास डॉक्टरांच्या परवानगीशिवाय यंत्र लावू नये. पट्ट्या गळ्याच्या पुढच्या भागावर किंवा जखमेवर कधीही चिकटवू नयेत. ओठ शिट्टी वाजवताना करतो तसे करून सावकाश श्वास सोडण्याची सवय आणि पल्मनरी रिहॅबिलिटेशनमधील (फुप्फुसाच्या रुग्णांसाठीच्या व्यायाम व प्रशिक्षणाच्या कार्यक्रमातील) चालण्याचा व्यायाम यांचा आधार मात्र या यंत्रापेक्षा कितीतरी भक्कम आहे, त्यामुळे तेही तेथेच शिकून घ्यावे. फरक पडतो का, हे ठरवण्यासाठी न्हाणीघरापासून खाटेपर्यंत येताना वडिलांना किती वेळा थांबावे लागते, ते दोन आठवडे रोज वहीत लिहा आणि ती वही पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.