पाइप सामायिक, बिल कोणाचं?

नळ कुठेही गळत नाही, तरी या वेळी पाण्याचं बिल दुप्पट आलंय. मीटर बिघडला असेल का?

असेलही, पण मीटरवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. रात्री झोपताना घरातले सगळे नळ बंद करून रीडिंगचा फोटो काढा. सकाळी कोणी नळ उघडायच्या आत दुसरा काढा. काळे आकडे म्हणजे युनिट, एक युनिट १००० लिटरचं. लाल आकडे त्याखालचे, म्हणजे लिटरचा हिशेब. लाल आकडे सरकले असतील तर पाणी कुठेतरी जातंय.

बहुतेक वेळा ते फ्लशच्या टाकीतून जातं. टपटपणारा नळ डोळ्यांत भरतो, पण सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाचे चार-साडेचार लिटरच होतात. फ्लशच्या आतला वॉशर झिजला की मिनिटाला पाव लिटर पाणी आवाज न करता भांड्यात उतरतं. दिवसाला ३६० लिटर, महिन्याला दहा युनिटांच्या वर! टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला की चोर सापडला. रात्री छतावरची टाकी भरत असेल, तर तिचा व्हॉल्व्ह बंद करूनच रीडिंगची तपासणी करा, नाहीतर मीटर फिरणारच.

आमचा आणि शेजाऱ्यांचा पाइप एकच आहे. त्यांनी नळ सोडला की आमची धार करंगळीएवढी होते. ते मुद्दाम करतात असं घरच्यांचं म्हणणं आहे.

घरच्यांना थोडं थांबायला सांगा. आधी बादली आणि घड्याळ घ्या. शेजाऱ्यांचे नळ बंद असताना बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा, मग त्यांचा एक नळ उघडा ठेवून पुन्हा मोजा. दोन्ही वेळा रडतखडतच भरली, तर दोष मुख्य लाइनच्या दाबात किंवा आतून गंजलेल्या पाइपमध्ये. जुन्या लोखंडी पाइपचं तोंड गंजाने इतकं बुजतं की कापलेला तुकडा हातात घेतल्यावर यातून पाणी येत कसं होतं, असा प्रश्न पडतो. शेजाऱ्यांचा नळ उघडल्यावरच धार पडत असेल, तर सामायिक तुकडा दोन घरांना पुरत नाही.

तो तुकडा १५ मिलिमीटरचा असेल तर २५ चा टाका. तोंड पावणेतिप्पट होतं, पण घर्षण घटल्यामुळे त्याच दाबाला पाणी साडेतीनपटीहून जास्त येतं. फक्त तुमच्या अंगणातला पाइप मोठा करून काही होणार नाही, अडचण टीच्या (पाइपला दोन घरांचे फाटे फुटतात त्या जोडाच्या) अलीकडे आहे. खर्च दोघांचा, फायदाही दोघांचा. स्वतंत्र जोडणी मिळत असेल तर उत्तमच. लाइनला थेट मोटर मात्र लावू नका. ती शेजाऱ्यांच्या वाट्याचं पाणी ओढतेच, शिवाय पाइपात पोकळी झाली की सांध्यांतून बाहेरची घाणही आत खेचते.

मीटर एकच आहे. आम्ही दोघं, शेजारी सहाजण, आणि बिल निम्मं-निम्मं. हे बरोबर आहे का?

नाही. पण माणशी वाटणीही खरी नसते. बागेला पाइप लावणारा एकटा माणूस चौघांना भारी पडतो. टीच्या पुढे दोन्ही घरांना उपमीटर बसवा आणि तिन्ही रीडिंग एकाच वेळी, दोघांच्या समोर घ्या. उपमीटरांची बेरीज मुख्य मीटरपेक्षा थोडी कमी भरेल. अगदी बारीक धार मीटरला कळत नाही, तेव्हा तेवढ्यावरून भांडू नका. फरक वाढतच गेला तर दोन्ही घरांचे नळ बंद करून बघा. उपमीटर थांबलेले आणि मुख्य फिरतोय, म्हणजे गळती मधल्या पाइपात आहे. ते पाणी दोघांच्या नावावर पडतं.

सामायिक पाइप शेजाऱ्यांच्या अंगणात फुटलाय. ते म्हणतात, तुम्हीही पैसे द्या.

टीच्या अलीकडे फुटला असेल तर द्या, अंगण कोणाचंही असो. त्यातून तुमचंही पाणी येतं. टीच्या पुढे त्यांच्या फाट्यावर फुटला असेल तर खर्च त्यांचा. जोडणीच्या किंवा घराच्या कागदांत वेगळं लिहिलं असेल तर तेच चालतं, तेव्हा खणायच्या आधी कागद काढा. आणि प्लंबर आलाच आहे, तर दोन्ही फाट्यांवर वेगळे व्हॉल्व्ह बसवून घ्या. पुढच्या वेळी एकाच्या दुरुस्तीसाठी दुसऱ्याचं पाणी तोडावं लागणार नाही.

नळाला नुसती हवा येते, तरी मीटर फिरतो.

फिरतो. आतल्या चक्रीला हवा आणि पाणी यांतला फरक कळत नाही. पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर मीटरच्या अलीकडे हवा काढणारा व्हॉल्व्ह बसवता येईल का, ते पाणीपुरवठा कार्यालयात विचारा. पाणी यायच्या आधी नळ उघडा ठेवायची सवय मात्र आजच सोडा.