ॲव्हेन्यू ऑफ स्टार्स: दुपारी नको, संध्याकाळी बोटीने जा

"आई-बाबा सोबत आहेत, हाँगकाँगमध्ये एकच संध्याकाळ मोकळी आहे, ॲव्हेन्यू ऑफ स्टार्सला जावं का?" असं विचारलंय तुम्ही. जरूर जा. फक्त सिनेमाचं संग्रहालय बघायला चाललोय, अशी त्यांची समजूत करून देऊ नका. चिम शा चुईत व्हिक्टोरिया हार्बरच्या काठाने जाणारा हा फिरायचा रस्ता आहे. तिकीट नाही.

२००४ मध्ये तो सुरू झाला तेव्हा हाँगकाँगच्या सिनेकलाकारांच्या पंजांचे ठसे जमिनीत बसवलेले होते. मग काही वर्षं काम चाललं आणि जानेवारी २०१९ च्या शेवटी तो पुन्हा उघडला, तेव्हा ठसे पाण्याकडच्या कठड्यावर आले. म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांना आता खाली वाकायला नको! शंभरावर ठसे आहेत, त्यातली निम्मी-अधिक नावं आपल्या ओळखीची नसतात. जॅकी चॅनपाशी मात्र प्रत्येक जण आपला पंजा लावून बघतोच. ब्रूस लीचा ठसा शोधत बसू नका. तो १९७३ मध्येच गेला, अवघ्या ३२ व्या वर्षी. त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, २००५ मध्ये त्याच्या ६५ व्या जयंतीला बसवलेला. सगळ्यात जास्त फोटो तिथेच निघतात. गायिका-अभिनेत्री अनिता मुईचाही पुतळा आहे.

आम्ही पहिल्या खेपेला जुलैत भर दुपारी गेलो होतो. घामाने अंघोळ झाली, अर्ध्या तासात परत फिरलो. तुम्ही उन्हं कलल्यावर पलीकडच्या हाँगकाँग बेटावरच्या सेंट्रल भागातून स्टार फेरी या बोटीने या. मेट्रो सोयीची आहे, पण ती पाण्याखालून येते, मग बघणार काय? धक्क्यावर उतरलात की समोरच जुन्या रेल्वे स्टेशनचं घड्याळ दिसेल. स्टेशन पाडलं, मनोरा तेवढा ठेवला, ४४ मीटर उंच. तिथून पाणी उजव्या हाताला ठेवून सावकाश चालत राहायचं.

रात्री ८ ला समोरच्या इमारतींवर सिम्फनी ऑफ लाइट्स हा दिव्यांचा खेळ असतो. त्याचं जरा जास्तच कौतुक होतं, असं माझं मत. त्याआधीचा, दिवे एकेक लागत जातात तो वेळ मला जास्त आवडतो. वादळाचा इशारा असेल तर खेळ रद्द होऊ शकतो, तेवढं बघून निघा.

आणि पासपोर्ट भारतीय असेल तर व्हिसा लागत नसला तरी आधी ऑनलाइन नोंदणी लागते. फुकट आहे, पण आई-बाबांची वेगवेगळी करा आणि छापील प्रत जवळ ठेवा.