सेटचे अर्थ पाठ करायचे का?

प्रश्न : माझी नात इंदूरलाच सहावीत आहे, इंग्लिश मीडियम. 'सेट' वापरून दहा वाक्यं लिहून आणायची आहेत, प्रत्येकात अर्थ वेगळा हवा. डिक्शनरीत बघितलं तर नोंद संपतच नाही. सूर्य सेट होतो, जेली सेट होते, अन् कपांचा पण सेटच. हे सगळं पाठ करून घ्यायचं का? आणि भूतकाळात 'सेटेड' का चालत नाही? – एक आजी, रामबाग

उत्तर : आजी, पाठ अजिबात करून घेऊ नका. ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी, १९८९ ची २० खंडांची, त्यात सगळ्यात लांब नोंद ह्याच शब्दाची होती, चारशेच्या वर अर्थ, आणि आता 'रन' त्याच्याही पुढे गेलाय, नुसत्या क्रियापदाचेच ६४५, तर पोरीने कुठवर घोकायचं!

तिला एवढंच सांगा की सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे मुळात बसवणे, सिटचंच प्रयोजक रूप. (सिट आपल्या संस्कृत सद् धातूचा नातेवाईक आहे, सदन, सभासद त्यातलेच.) आणि बसवणे आपण मराठीत किती ठिकाणी वापरतो बघा, हाड बसवतो, कविता चालीवर बसवतो, इंग्रजीत दोन्हीकडे सेटच. नातीला एकदा दिवसा सराफ्यात न्या, रात्री खायला तर सगळेच जातात. कारागीर चिमट्याने खडा उचलून कोंदणात ठेवतो, कडेचं सोनं जरा जरा दाबत खड्यावर आणतो, मग बोटाने हलवून बघतो, हलला नाही म्हणजे बसला. इंग्रजीत हाच स्टोन सेट केला, आणि कोंदणाला म्हणतात सेटिंग. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की जेली आणि सिमेंट आपोआप कळतं, पातळ होतं ते जागच्या जागी बसलं, हलायचं थांबलं. सूर्यही खाली जाऊन बसलाच. गजर सेट करणं म्हणजे काटा हव्या त्या वेळेवर बसवणं, टेबल सेट करणं म्हणजे ताटं-चमचे जागेवर मांडणं.

कपांचा सेट मात्र वेगळ्या घरचा. तो जुन्या फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिन, अर्थ एका पंथाचे लोक, म्हणून समूह. पुढे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले. गणितातला सेट, हार-कानातल्यांचा सेट, हे सगळे ह्या बाजूचे.

सेट ऑफ म्हणजे प्रवासाला निघणे, ह्यात बसवणं शोधत बसू नका, असे जोडशब्द अख्ख्या वाक्यातच शिकावेत, आमच्या मते दुसरा उपाय नाही. आणि आपल्याकडे 'सेटिंग लावली' म्हणतात ना, आतून ओळख काढून काम करून घेतलं ह्या अर्थाने, ते होमवर्कमध्ये नको, इंग्रजीत सेटिंगचा तो अर्थ होत नाही.

आता सेटेड. शब्दाच्या शेवटी आधीच ट होता, भूतकाळाचा प्रत्यय त्यातच मिसळून गेला, म्हणून पुट, कट, हिट यांच्यासारखा हाही तिन्ही रूपांत तसाच राहतो. मग काळ ओळखायचा कसा, तर 'शी सेट्स द टेबल' म्हणजे रोज मांडते, आणि एस नसलेलं 'शी सेट द टेबल' दिसलं की मांडून झालं.